धुऱ्यावरचं जेवण

मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, गेल्याचा फोन आला तेव्हा मी नोकरीच्या गावी, नालवाडीच्या खोलीवर होतो. गावी पोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं. आता महिना उलटून गेला. आठवतो तो मात्र धुरा...

देवळीजवळचं आमचं भाजीचं वावर आणि शेजारच्या गुलाबकाकांचं वावर, यांच्यामधला बांध म्हणजे हा धुरा. पेरणीआधी तो पेटवून साफ करायचा, ही सगळ्यांचीच रीत. एका वर्षी असाच तो पूर्ण जळाला आणि पुढे काकड्या वाकड्या, एका टोकाला पोचट येऊ लागल्या. फुलांवर मधमाश्याच फिरकत नाहीत, असं मोठ्या आईचं म्हणणं. त्या पावसाळ्यात तिनं माळावरून तरवड, धायटी, निरगुडीची रोपं आणून धुऱ्यावर लावली. फारसं पाणी न मागणारी ही झुडपं हळूहळू दाट झाली. मधमाश्या आल्या, फुलपाखरं आली, बुडाशी तितरांनी घर केलं. गुलाबकाकांना त्यात साप तेवढे दिसत. मग दर उन्हाळ्यात काका काडीपेटी घेऊन आले की मोठी आई शिदोरी घेऊन झुडपांपाशी बसे.

"उठ ना वहिनी, काऊन बसून राह्यली?"

"जेवून राह्यली. तू पेटव ना बाप्पा, माह्यी भाकर गरम होईन."

जेवत्या माणसाजवळ आग कोण लावणार? काका चरफडत तेवढा तुकडा सोडून पुढे जात.

मला कॉलेजची बस मिळावी म्हणून माझ्या वाट्याची भाजीही तीच तोडायची. घरातला पहिला पदवीधर मी झालो, त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आता सावलीत बसून काम करजो."

यंदा धुरा पेटवायचा दिवस आला. मी रजा काढून गेलो आणि काय वाद घालायचा ते मनात जुळवत झुडपांपाशी बसलो. काका आले, माझ्याकडे बघत उभे राहिले...

"डबा कुठं हाय?"

मी आणला नव्हता.

"नुसतं बसून भागते का? ती जेवत जाय."

ते शेजारी टेकले. पिशवीतली भाकर मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. तरवडीच्या पिवळ्या फुलांत मधमाश्या गुणगुणत होत्या. आम्ही दोघं जेवलो. मग काकांनी हात धुतले, काडीपेटी उचलली आणि झुडपं ओलांडून ते धुऱ्याच्या पुढच्या टोकाकडे चालू लागले.