रिकाम्या काट्यावर आकडा नाही

पोत्याचं तोंड शिवून झालं की काका त्याच्यावर एक थाप मारायचे आणि म्हणायचे, "चोख!" मी बी.ए. झाले तेव्हा माझ्या पाठीवरही तीच थाप पडली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीच्या कागदाइतकाच मला त्या थापेचा अभिमान आहे, हे सांगायला मी लाजत नाही.

काका इकडे हिंदी मुलखात, थाटीपुरात, आमच्या शेजारी राहायचे. दाल बाजारात एकाच दुकानावर बाबा पोती तोलायचे आणि काका ती शिवायचे. हमाल काट्यावर पोतं टाकून ओरडायचा, "आया!" मग बाबा ते कितवं पोतं तो आकडा पुकारायचे, एक, दो, तीन. तीस वर्षं हेच.

त्या बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठव्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, एक से दस तक गिनिए." बाबा छताकडे बघत राहिले. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. बोलणं परत येईल का, बाबांना काही समजतंय का, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मी शिकलेली ना! बाबांसमोर बोट नाचवलं. "बाबा, म्हणा, एक." त्यांनी डोळेच मिटून घेतले. मला रडू फुटलं.

"अगं ग्रॅज्युएट," काका मागून म्हणाले, "तुझा बाप रिकाम्या काट्यावर कधी आकडा बोललाय का? बेइमानी झाली ना ती!"

त्यांनी शेजारच्या खाटेवरची उशी उचलली आणि बाबांच्या पायांशी धप्पकन टाकली. "आया!"

बाबांनी डोळे उघडले. ओठ हलले.

"ए...क."

मी किंचाळलेच! दुसरी उशी. "आया!" "दो." मग काय विचारता! पाय प्लास्टरमध्ये असलेल्या पेशंटने स्वतःची उशी फेकली. "ये अस्पताल है कि मंडी?" म्हणत नर्स धावत आली, आणि सातवी उशी तिनेच आणून दिली. बाबा "दस" म्हणाले तेव्हा डॉक्टर टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात काकांनी मला डोळा मारला आणि रिकाम्या हातांनीच ओरडले, "आया!"

बाबांनी खाटेकडे पाहिलं, मग काकांच्या हातांकडे. वाकडं तोंड आणखी वाकडं झालं.

"चो...र!"

वॉर्डभर हशा! काकांनी बाबांच्या खांद्यावर थाप मारली. "डॉक्टरसाहब, माल चोख है. बस, बोरी एक तरफ झुक गई है."

घरी आल्यावर रोज संध्याकाळी काका उशी घेऊन हजर. दहा खरे, अकरावा खोटा. महिन्यागणिक बाबांचा "चोर" सुधारत गेला. आता तर काठी टेकत ते भाजीवाल्याशी भांडूनही येतात.

या थंडीत काका गेले. सकाळी चहा पिता पिता, बसल्या जागी.

तेरावं झालं त्या संध्याकाळी बाबांनी स्वतःच उशी आणली आणि माझ्या हातात दिली. मी दहा वेळा टाकली, ते दहापर्यंत खणखणीत बोलले. मी उशी बाजूला ठेवली. बाबा उठेनात. दाराकडे बघत बसले.

मग मला कळलं. मी रिकामे हात पुढे केले. "आया!"

"चोर," बाबा दाराकडे बघूनच म्हणाले.

आणि उशी जवळ ओढून डाव्या हाताने तिच्यावर एक थाप मारली.