तात्याबांचा आकडा

तात्याबांनी कुठलाही आकडा सांगितला की सुकन्या तो मनातल्या मनात तीननं भागायची. सवय शाळेत असतानाची. पणजोबांच्या कळपात अकराशे मेंढरं होती असं तात्याबांनी, म्हणजे तिच्या आप्पांनी, एकदा छातीठोकपणे सांगितलं, आणि त्याच सुट्टीत वळसंगचा चुलता म्हणाला की पावणेचारशेच्या वर कधी गेली नाहीत. पोरगी गणितात हुशार. तिनं आणखी दोन-चार आकडे तपासून पाहिले, तर दर वेळी भाग तीनचाच बसला. बाप खोटारडा आहे असं मात्र तिला कधी वाटलं नाही. खोटारड्या माणसाचं प्रमाण इतकं पक्कं नसतं.

तात्याबांचं घोंगड्यांचं दुकान मधल्या मारुतीजवळच्या एका बोळात आहे. दुकान कसलं, एक ओटा आणि त्यावर पत्रा. आजूबाजूला सगळं सोलापूर चादरी आणि टॉवेल विकत असताना हा माणूस सत्तावीस वर्षं लोकरीची घोंगडी घेऊन बसलाय. सत्तावीस हा आकडा त्यांच्या बायकोचा, अंबुबाईंचा, त्यामुळे तो तसाच धरायला हरकत नाही. गिऱ्हाईक आलं की तात्याबा घोंगडं झटकून पसरतात, चिंचोक्याच्या खळीचा वास गिऱ्हाइकाच्या नाकाशी नेतात आणि सुरू होतात. हे तीस वर्षं टिकतं. यावर झोपलं की आठ दिवसांत कंबर मोकळी होते. साप तर याच्या काठालाही शिवत नाही. सापाचं त्यांनी स्वतः कधी पाहिलेलं नाही, पण वस्तीवर साप न आलेल्या रात्री पुष्कळ पाहिल्या आहेत आणि तेवढा पुरावा त्यांना पुरतो.

शेजारी गुरुसिद्धप्पांचं चादरींचं दुकान. ते हे सगळं रोज ऐकतात आणि रोज हसतात. गिऱ्हाईकही हसतं आणि घोंगडं घेऊन जातं. तात्याबांच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यांचं घोंगडं कधी कुणी परतही आणत नाही.

एका बाबतीत मात्र हा माणूस अगदी निराळा. सदऱ्याच्या आतल्या खिशात त्यांच्याकडे बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी असते. त्यांच्या समाजात शपथ घ्यायची म्हणजे ती पिवळी चिमूट उचलायची, आणि भंडारा उचलून माणूस वावगं बोलत नाही. लग्नाआधी तात्याबांनी एक दांडगा मेंढा आपलाच म्हणून दोन महिने सगळ्या वस्तीला सांगितला होता. त्यावर दुसराही एकजण दावा सांगत होता. शेवटी पंचांनी दोघांना बिरोबाच्या देवळात नेलं आणि पुढ्यात भंडाऱ्याचं ताट ठेवलं. तात्याबांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि म्हणाले, त्याचाच असंल. मेंढा गेला. वस्तीवर ही गोष्ट अजून सांगतात, आणि ती सांगताना कुणी तीननं भागत नाही.

तर अशा माणसाची पोरगी सुकन्या. सोलापुरातच टेक्स्टाईल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. लहानपणापासून लोकरीत लोळलेली, म्हणून तिनं प्रोजेक्टही आपल्या दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीवर केला. पोर्तुगालमधल्या डोंगरातल्या एका लोकरीच्या गिरणीला तो इतका आवडला की त्यांनी तिला सहा महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून बोलावलं. जानेवारीत रुजू व्हायचं होतं. कॉलेजात पेढे वाटले गेले.

पोर्तुगाल कुठं आहे हे बोळात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. गोवा ज्यांनी धरून ठेवला होता त्यांचा देश, एवढं गुरुसिद्धप्पांना आठवलं. तात्याबांनी मात्र पहिल्या दिवसापासून वर्णन सुरू केलं. गिरणीत नऊशे कामगार आहेत. मालकाला पोरबाळ नाही. तो सुकन्येचा प्रोजेक्ट उशाला घेऊन झोपतो. आणि दर वर्णनाच्या शेवटी, हातातलं घोंगडं घडी करत, एक वाक्य ठरलेलं असायचं, की पोरगी काही आता परत येत नाही, तिकडचीच झाली म्हणून समजा.

सुकन्येला या वाक्याचा राग यायचा. इतर बढायांवर ती हसायची, याच्यावर हसू यायचं नाही. त्याला कारणही होतं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या सरांनी तिला बाजूला घेऊन म्हटलं होतं की काम पसंत पडलं तर ती गिरणी पुढं दोन वर्षं ठेवून घेते. ही गोष्ट तिनं स्वतःपासूनसुद्धा जरा लांबच ठेवली होती.

मग व्हिसाचे कागद सुरू झाले. पासपोर्ट, गिरणीचं पत्र, कॉलेजचं पत्र, विमा, राहण्याचा पत्ता, परतीचं तिकीट. यादी संपली असं वाटलं की खाली आणखी एक ओळ निघायची. तात्याबांच्या सांगण्याप्रमाणे कागद साठ होते. सुकन्येनं मोजले, वीस होते. एकोणीस झाले आणि एक राहिला. मुदत संपताच मुलगी भारतात परत येईल, असं पालकांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याच्या व्हिसा केंद्रात तिची वेळ होती, पहाटेच्या गाडीचं आरक्षण झालं होतं. ही वेळ चुकली तर पुढची महिन्यानं, म्हणजे रुजू व्हायची तारीख गेलीच. पण शेवटचा कागद अगदी सोपा होता. बापाची एक सही.

कोर्टाजवळ सोमशेखर वकिलांचं टेबल आहे. ते तात्याबांचे जुने ओळखीचे, त्यांच्या खुर्चीवरही तात्याबांचंच घोंगडं. त्यांनी कागद तयारच ठेवला होता. पेन पुढं केलं आणि खूण केली, इथं सही. तात्याबांनी पेन घेतलं. मग, आजवर त्या टेबलावर कुणी केलं नव्हतं ते केलं. काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाले.

वकिलांनी भराभर वाचलं. माझी कन्या मुदत संपताच भारतात परत येईल, असे मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो.

"सत्यप्रतिज्ञा म्हंजी शपथच की?" तात्याबांनी विचारलं.

"शपथच. पण ते नुसतं लिहायचं असतंय, तात्या."

तात्याबांनी पेन खाली ठेवलं आणि खिशातून पुडी काढली. नुसती लिहायची शपथ ही चीज त्यांच्या डोक्यात शिरणारी नव्हती. पुडी उघडली, चिमटीसाठी बोटं पुढं नेली, आणि बोटं तशीच थांबली. सुकन्येनं बापाला बोलताना अडखळलेलं कधी पाहिलं नव्हतं. तात्याबांनी पुडीची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले की सही जमायची नाही. ती येणार का न्हाय, ते मला कुठं ठाऊक हाय.

सोमशेखर वकिलांनी कपाळाला हात लावला. वीस वर्षांत इथं हजारो लोकांनी सह्या केल्या, सगळे करतात, ठरलेला मजकूर असतो, कुणी एवढा विचार करत नाही, असं त्यांनी तीन वेळा सांगितलं. तात्याबा म्हणाले, सगळे करत असतील, त्यांच्या खिशात भंडारा नसंल. शेवटी वकिलांनी हात टेकले. आठपर्यंत मी हितंच आहे, घरी जाऊन एकमत करून या, म्हणाले.

दोघं रिक्षात बसली. सुकन्येच्या मांडीवर एकोणीस कागदांची फाईल होती आणि तिला रडू आवरत नव्हतं. ज्या माणसानं जन्मभर सापांची आणि कंबरांची ग्वाही दिली, त्याला नेमकं आजच खरं बोलायचं होतं.

शेळगीतल्या दोन खोल्यांच्या घरी अंबुबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि नवऱ्याकडे वळल्या.

"तीस वरसं टिकतंय म्हणून घोंगडं खपवताय, तवा कुटं जातोय तुमचा भंडारा?"

"तवा तो खिशात असतोय. हातात न्हाय."

अंबुबाईंनी भाकरी तव्यावरून उतरवली. पुढची थापायला घेतली. मग सुकन्याच उसळली.

"आप्पा, सगळ्या बोळाला तुमीच सांगत सुटलाय की. पोरगी आता परत येत न्हाय म्हणून. मी कदी म्हनलं होतं का तसं? आन आता वकिलापुढं म्हणताय, मला ठाऊक न्हाय."

तात्याबा भिंतीला टेकून बसले होते.

"माझं बोलनं कदी खरं झालंय का, पोरी?" ते म्हणाले. "म्हणून म्हनलं, येत न्हाय, येत न्हाय, असं बोलतच ऱ्हावं. मंग तेबी खोटंच हुईल."

सुकन्येचा राग कुठल्या कुठं गेला. दोन महिने हा माणूस चार दुकानांपुढं फुशारकी मारत होता असं ती समजत होती, आणि तो आपल्या परीनं नवस बोलत होता. त्याला हसावं की रडावं तिला कळेना. तिला एकदम बापाची फार माया आली, आणि आपण सरांची गोष्ट लपवली याची लाजही वाटली. तिनं ती तिथंच सांगून टाकली. दोन वर्षांची, ठेवून घेण्याची, सगळी. सांगताना तिनं आईकडे पाहिलं नाही.

तात्याबांनी ऐकून घेतलं. पुडी काढली, उघडली आणि दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवली. उचल असं म्हणाले नाहीत.

सुकन्येनं भंडाऱ्याकडे पाहिलं. व्हिसाच्या वीस कागदांत एवढा अवघड प्रश्न एकाही कागदानं विचारला नव्हता. मग तिनं चिमूट उचलली.

"सहा महिनं. काम संपलं की मी येते. त्याच्या म्होरचं मला आज इचारू नका, आप्पा. मलाच ठाऊक न्हाय."

"कागद काय म्हणतोय?"

"मुदत संपली की परत यायचं, एवढंच."

"मंग झालं की. कागदाला जेवढं पायजे, तेवढंच मीबी मागतो." त्यांनी तिच्या चिमटीतला भंडारा आधी तिच्या कपाळाला लावला, मग स्वतःच्या, आणि पुडी पुन्हा खिशात ठेवली. अंबुबाईंनी दोघांना भाकरी खाऊन जायला लावलं, कारण वकील आठपर्यंत होते आणि भाकरी आत्ता गरम होती.

साडेसातला सही झाली. सही करताना तात्याबांच्या अंगठ्याचा पिवळा डाग कागदाच्या कोपऱ्यावर उमटला. सोमशेखर वकील म्हणाले की खराब झाला, नवा करू. तात्याबा म्हणाले की आता कुठं तो खरा झालाय. नवा स्टॅम्प पेपर त्या वेळी मिळणारही नव्हता, म्हणून तोच कागद पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेला. व्हिसा केंद्रातल्या मुलीनं डागावर बोट ठेवून विचारलं, जेवताना सांडलं का. सुकन्या म्हणाली, हळद आहे. मुलीनं खांदे उडवले आणि कागद विसाव्या क्रमांकाला लावला.

पाचव्या आठवड्यात कुरिअरनं पासपोर्ट आला, आत व्हिसा चिकटवलेला. संध्याकाळपर्यंत बोळात बातमी होती की वकिलातीनं खास माणूस पाठवला, तो चहा पिऊन गेला आणि जाताना तीन घोंगडी घेऊन गेला. सुकन्येनं चौकशी केली. कुरिअरवाल्यानं एक घेतलं होतं.

जानेवारीत ती गेली. गिरणी डोंगरात होती, थंडी हाडात शिरणारी, आणि कामगार खरोखरच तीनशे होते. दर शनिवारी तिच्या दुपारी, म्हणजे सोलापूरच्या संध्याकाळी, ती दुकानावर व्हिडिओ कॉल करायची. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, ती बोलत असतानाच गिऱ्हाईक आलं, आणि तात्याबांनी फोन घोंगड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. तिला नुसता पत्रा दिसत होता, पण आवाज सगळे येत होते. तीस वर्षं टिकतं. साप शिवत नाही. माझी पोरगी परदेशात नऊशे कामगारांवर साहेब आहे. सुकन्या एकटीच हसत बसली.

मग गुरुसिद्धप्पांचा आवाज आला. ते पलीकडून विचारत होते, काय तात्या, पोरगी कधी येणार आता?

"एकशे छत्तीस दिवस," तात्याबा म्हणाले, आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळले.

सुकन्येनं सवयीनं तीननं भागलं. पंचेचाळीस आले आणि एक उरला. पंचेचाळीस काही जुळेनात. तिनं टेबलावरचं कॅलेंडर ओढलं. परतीचं तिकीट चौदा जुलैचं होतं. मार्च, एप्रिल, मे, जून असं बोट ठेवून मोजत ती चौदा जुलैपर्यंत आली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकशे छत्तीसच होते.