वाघाचं नाणं

आमच्या शाळेत दर शनिवारी देवळीहून एक रिटायर झालेले एसटी कंडक्टर येतात. खांद्याला जुनीच चामड्याची थैली असते, पण तिच्यात आता स्मारक नाणी असतात. त्यांवरून ते मुलांना इतिहास आणि जंगल शिकवतात. नाणी जमवणारे लोक नाण्याला बोट लावू देत नाहीत. हे मात्र नाणं मुलांच्या हातात देतात आणि डोळे मिटायला लावतात. "अंगठा फिरव अन् सांग, काय हाय?" मुलं दांडीयात्रेतली काठी शोधतात, गेंड्याचं शिंग शोधतात. उत्तर चुकलं तर ते रागावत नाहीत. बसमध्ये म्हणायचे तसंच म्हणतात, "चला, पुढं सरका."

एकदा त्यांनी टपालानं मागवलेलं वाघाचं नाणं आणलं. "वाघ म्हणजे आपल्या जंगलाची शान," ते म्हणाले. जंगलाला लागून असलेल्या गावातल्या एका मुलीनं हात मागे घेतला.

"काऊन वं?" त्यांनी कारण विचारलं.

"मले नाई पायजे. त्यानं आमची गाय नेली. माय अजून तिकडं सरपणाले जात नाई."

आता हे तिला वाघाचं महत्त्व समजावणार, असं मला वाटलं. ते खुर्चीवरून उठले आणि मुलांच्या रांगेत सतरंजीवर जाऊन बसले. "मंग आज तू सांग," म्हणाले. ती बोलत होती तोवर त्यांनी मान वर केली नाही.

'शान' हा शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. ते नाणं ते अजूनही आणतात. मात्र कोणाच्याही हातात देण्याआधी विचारतात, "कोणाच्या घरचं काही नेलं काय यानं?"