पांढऱ्या गच्चीवरची हिरॉईन

तिला सगळे हिरॉईन म्हणत, आणि ते काही कौतुकाने पडलेलं नाव नव्हतं. इमारतींच्या गच्च्यांना ऊन परतवणारा पांढरा रंग लावायचं तिचं काम. अंगात नवऱ्याचा रंगाने कडक झालेला जुना शर्ट, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि डोळ्यांना कडेनेही बंद असलेला काळा चष्मा. पहिल्यांदा ती अशी जिना चढून आली तेव्हा मुकादमाने विचारलं, शूटिंग कुठे आहे? बाकीच्या बायका खदखदून हसल्या. त्यात तिची धाकटी जाऊ सगळ्यांत मोठ्याने.

हिने भीक घातली नाही. मुळात बाई नाकावर माशी बसू न देणारी, त्यात डाव्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. डोळ्यात मांस वाढत वाढत पार बुबुळावर आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते काढलं आणि बजावलं, की हे पुन्हा वाढू शकतं, डोळ्यांवर ऊन येऊ द्यायचं नाही. गॉगल तर ती आधीपासून लावायची, रस्त्यावर घेतलेला, काळा कुळकुळीत. बाईंनी तो तपासून सांगितलं की याने नुसता अंधार होतो, उन्हातले घातक किरण अडत नाहीत. उलट अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि ते जास्तच आत शिरतात. म्हणजे शहाणपणा करतोय असं समजून आपणच आपल्या डोळ्यांची वाट लावली! तिला असा संताप आला, की दवाखान्याच्या पायरीवरच तिने तो गॉगल चपलेखाली चिरडला. काचा गोळा करायला लावल्या तिथल्या झाडूवालीने, ते वेगळं.

नवा चष्मा खरा होता. जावेलाही तिने मागे लागून तसाच घ्यायला लावला, मग बाकीच्या बायकांनीही घेतले. पण त्याची एक गोम निघाली. तो चकाकी गिळून टाकतो, त्यामुळे ओला रंग आणि वाळलेला रंग सारखाच दिसतो. रंगाच्या पहिल्या हाताला अडचण नसते, खाली राखाडी सिमेंट असतं. दुसरा हात मात्र पांढऱ्यावर पांढरा, आणि कुठवर आलो हे फक्त ओल्या चकाकीवरून कळायचं. म्हणून दुसऱ्या हाताला सगळ्या जणी चष्मे काढून गळ्यात अडकवायच्या. गच्ची सर्वांत जास्त झळाळते ती तेव्हाच, ऊन वरूनही आणि खालूनही, आणि नेमके तेव्हाच डोळे उघडे.

हिने काढायला नकार दिला. दोरी बांधून गच्चीचे पट्टे पाडले आणि एकेक पट्टा संपवत निघाली. मुकादमाला हे मुळीच पटलं नाही. तो म्हणाला, एक जागा जरी कोरी राहिली तरी उद्यापासून तू जिन्यातल्या भिंती खरवडायच्या. कोंदट जिन्यात तिचा जीव गुदमरायचा, मोकळी गच्ची हेच तिचं जग होतं. तरी चष्मा नाकावरून हलला नाही.

रंग वाळल्यावर मुकादम उघड्या डोळ्यांनी, मिचकावत, पाणी गाळत तपासायला आला. आणि तिच्याच पट्ट्यात, टाकीच्या मागे, दुसरा हात न लागलेली ताटाएवढी जागा सापडली. त्याने चौघींना हाक मारून ती दाखवली.

"ही बघा हिरॉईनची कमाल. आता काय म्हणणं आहे?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सबब सांगायची सोय नव्हती, चूक तिचीच होती. तिने डबा ओढला, गुडघ्यावर बसली आणि चष्मा न काढताच ती जागा रंगवली.

"चुकलं माझं," ती उठत म्हणाली. "पण राहिलेल्या जागेवर पुन्हा हात मारता येतो, मुकादम. डोळ्याचं तसं नाही. मी उद्याही चष्मा लावूनच येणार, आणि गच्चीवरच येणार. नको असेन तर आत्ता सांगा, सगळ्यांसमोर."

मुकादम डोळे पुसत राहिला. त्या झळाळीत त्याला ते उघडे ठेवणंच जमत नव्हतं. पलीकडे धाकट्या जावेच्या वाटची गच्ची अजून अर्धी बाकी होती. तिने गळ्यातला चष्मा उचलला, पदराने पुसून डोळ्यांवर चढवला आणि हिच्याकडे हात केला.

"ताई, ती दोरी इकडे टाका."