पास झालेला बोल्ट

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी हडपसरच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये गेले होते... फक्त एक रिपोर्ट आणायला. तासाभराचं काम होतं. दोन दिवस लागले.

आधी थोडं सांगते. मी आणि माझा नवरा मंदार, आमचं छोटं वर्कशॉप आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला उचलून व्हीलचेअरमध्ये बसवणारं मशीन आम्ही बनवतो. पेशंटला कापडी झोळीत घ्यायचं, हँडल पंप करायचं, माणूस अलगद वर येतो.

विश्रांतवाडीच्या एका वृद्धाश्रमाला अशी तीन मशीन द्यायची होती. टेम्पो बुधवारी सकाळी निघणार होता.

झोळीचा सगळा भार एका जाड बोल्टवर येतो. त्या बोल्टचा नवीन लॉट आला होता, आणि नवीन लॉटमधले काही नग आम्ही लॅबमध्ये देतो. आजपर्यंत एकही फेल झाला नव्हता, त्यामुळे खरं सांगते... ही टेस्ट माझ्यासाठी एक कागद होऊन बसली होती.

लॅबमध्ये शेख सर असतात. साठीला आलेले, कमी बोलणारे, शर्टच्या खिशात कायम एक भिंग. त्यांनी पिशवीतले बोल्ट टेबलावर ओतले आणि मी वर ठेवलेले सोडून मधलेच तीन उचलले.

बोल्ट मशीनच्या जबड्यांत अडकवतात आणि दोन्हीकडून ओढतात. स्क्रीनवर रेघ चढत जाते, चढत जाते... आणि धाडकन आवाज होतो. इतक्यांदा ऐकूनही मी दचकतेच. तिन्ही बोल्ट हव्या त्या आकड्याच्या पुढे जाऊन तुटले. म्हणजे पास.

मी पर्स उचलली. शेख सर मात्र तिसऱ्या बोल्टचे तुकडे घेऊन खिडकीशी उभे होते. भिंगातून बघत होते, बराच वेळ.

"मॅडम, प्लेटिंग बदललंय का?"

"हो. आधीचे गंजायचे. वरून चकचकीत मुलामा चढवून द्या म्हणून मीच सप्लायरला सांगितलं."

"प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत ठेवले होते का? काही तास?"

मला माहीत नव्हतं. असं काही विचारायचं असतं, हेही माहीत नव्हतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. प्लेटिंगच्या आधी बोल्ट ॲसिडमध्ये धुतात. ॲसिडमधला आणि प्लेटिंगच्या टाकीतला थोडा हायड्रोजन अशा कडक स्टीलमध्ये शिरतो. भट्टीत तापवून तो बाहेर काढावा लागतो. नाही काढला, तर बोल्ट आज ओढून बघाल तर टिकेल... आणि त्याहून कमी भार सतत अंगावर घेऊन उभा राहिला, तरी दोन दिवसांनी, कुणी हात न लावता तुटेल.

"हा तुकडा बघा. चांगला बोल्ट तुटण्याआधी मध्ये थोडा बारीक होतो. हा खडीसाखरेसारखा फुटलाय."

मी बघितलं. मला तो बाकीच्या बोल्टच्या तुकड्यांसारखाच वाटला.

"तुम्ही सांगितलेली टेस्ट पास आहे. तसाच रिपोर्ट आहे, हा घ्या," ते म्हणाले. "पण मला हा तुकडा आवडलेला नाही. दोन दिवस थांबू शकाल का?"

राग आला मला. पासही म्हणता आणि थांबाही म्हणता... रिपोर्ट तिथेच टेबलावर ठेवून बाहेर आले आणि मंदारला फोन लावला.

"शेख सर स्वतःहून एवढं बोलले?"

"हो."

"मग थांबूया. टेम्पोवाल्याला मी सांगतो."

शेख सरांनी लोखंडी चौकटीत चार बोल्ट भार देऊन अडकवले. तुटण्याइतका नाही, त्याच्या बराच खालचा. आणि दिले सोडून. पुढे जाड जाळीचं दार.

बुधवारी संध्याकाळी फोन केला, चारही शाबूत. गुरुवारी सकाळी स्वतः गेले, तेव्हाही शाबूत. वृद्धाश्रमातून दोनदा विचारणा झाली होती आणि मी मनातल्या मनात शेख सरांना बरंच काही ऐकवत होते. त्यांनी शांतपणे चहा मागवला.

चहा अर्धा झाला असेल... आणि जाळीमागे 'टक्' असा आवाज झाला. छोटासाच. खोलीत आम्ही दोघंच होतो, चौकटीपासून लांब.

एका बोल्टचं डोकं खाली पडलं होतं. दुपारपर्यंत दुसराही गेला.

तो बोल्ट मशीनवर असता तर वृद्धाश्रमात पहिल्या दिवशी सगळं छान चाललं असतं. सगळ्यांनी कौतुक केलं असतं... आणि मग केव्हातरी कुणाची तरी आई झोळीत असताना तो आवाज झाला असता.

"तुम्ही सरळ रिपोर्ट देऊन मोकळे होऊ शकला असतात," मी म्हटलं.

"दिलाच होता की," शेख सर म्हणाले. "तुम्ही नेला नाहीत."

सप्लायरला विचारलं. भट्टीचं काम राहून गेलं होतं, त्यांनी मान्य केलं. सगळा लॉट बाद केला आणि प्लेटिंग नसलेले काळे बोल्ट मागवले. तेही दोन दिवस टांगून ठेवले. एकही तुटला नाही.

मशीन दीड आठवडा उशिरा पोचली. झोळीत पहिल्यांदा बसल्या त्या एक रिटायर्ड शिक्षिका, दोन वर्षांत पलंगावरून उतरल्या नव्हत्या. वर उचलताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "पडणार नाही ना गं मी?"

"नाही पडणार, बाई," मी म्हटलं. त्यांना खुर्चीत बसवून खिडकीपाशी नेलं. खाली शाळा सुटत होती, तिकडे त्या बघत राहिल्या...

शेख सर फेसबुकवर नाहीत. बाईंना ते कधी भेटणारही नाहीत. म्हणून निदान इथे तरी लिहून ठेवतेय... त्या दिवशी बाईंना मी इतक्या ठामपणे 'नाही' म्हणू शकले, ते शेख सरांमुळे.