गेरूच्या पाच रेघा

टेंभुर्णीत माझं औषधाचं दुकान आणि चतुराबाईंचं घर यांच्यामध्ये फक्त एक पिठाची गिरणी होती. ताप-खोकला माझ्याकडे यायचा, नागीण मात्र दुकानावरून सरळ पुढे जायची. अंगावर पाण्याच्या फोडांचा पट्टा उठून आग आग व्हायला लागली, की पंचक्रोशीतला माणूस चतुराबाईंचं दार गाठायचा.

ही विद्या त्यांना सासूकडून मिळालेली. रोग्यानं तीन दिवस सकाळी उपाशीपोटी यायचं. बाई सहाणेवर गेरू उगाळून फोडांभोवती रेघ ओढत, म्हणजे नागिणीचं तोंड शेपटीला भिडणार नाही. त्याबद्दल कुणाचा घोटभर चहासुद्धा घेत नसत. नेम मात्र कडक. गेरू अंगावर आहे तोवर गोळी नाही, सुई नाही, आणि रोग्यासमोर कुणी औषधाचं नावही काढायचं नाही.

बहुतेकांची नागीण आपोआप ओसरते, हे मला ठाऊक होतं. "बाईंनी नुसतं पाणी लावलं तरी गुण येईल," असं मी दुकानात बसून म्हणायचो आणि ते त्यांच्या कानावर जायचंच. एकदा त्यांनी माझ्या पायरीवर चढलेला रोगी हाताला धरून परत नेला. माझ्यासारख्या मारवाड्याचं गिऱ्हाईक पायरीवरून नेलं, आणखी काय पाहिजे! अढी बसली ती बसलीच.

१९९६ साली त्यांच्या पाठच्या भावाला, कडूबाला, कपाळावर नागीण उठली. फोड पापणीपर्यंत उतरलेले. तीन सकाळी तो माझ्या दुकानावरून बहिणीकडे गेला आणि तिन्ही वेळा म्हणाला, "राम राम, शेठ."

महिनाभरापूर्वीच कंपनीचा माणूस मला नवी गोळी समजावून गेला होता. ती नागिणीच्या विषाणूची वाढ रोखते, पण पहिल्या तीन दिवसांत सुरू केली तर. उशिरा दिली तर उपयोग कमी. डोळ्याजवळ नागीण असेल तर एक दिवसही दवडायचा नाही. दोन पाकिटं मागच्या कपाटात पडून होती. "डॉक्टरला दाखव," एवढं म्हणायला माझं काय जात होतं? मी राम राम घातला आणि पेपर वाचत बसलो. गावाची रीत मोडू नये, असं स्वतःला बजावलं. खरं कारण ती अढी. आजही सांगताना लाज वाटते.

चौथ्या दिवशी कडूबाचा डोळा सुजून बंद झाला. जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं तीच गोळी दिली, थेंब दिले, पण बुबुळावर डाग पडला तो पडलाच. त्या डोळ्याला उजेड-अंधारापलीकडे काही कळेना. "पहिल्याच दिवशी आणलं असतं तर बहुतेक वाचला असता," असं डॉक्टर म्हणाला.

परत आल्यावर चतुराबाई जन्मात पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या.

"गिरधारीशेठ, ती गोळी तवा तुमच्यापाशी व्हती का?"

"नाही बाई. जालन्याहून मागवावी लागते."

जीभ जरासुद्धा अडखळली नाही. बाई गेल्या, आणि त्यांनी गेरू बंद केला. लांबून आलेली माणसं दारातून परत जायची. कडूबानं बाईंना कधी बोल लावला नाही, त्याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा.

चार वर्षांनी मागच्या गल्लीतल्या बेबीनंदाला नाकावर आणि पापणीवर फोड आले. कालपासूनच. तिची सासू हटून बसली, गेरूच पाहिजे, गोळी पोटात जाऊ देणार नाही. चतुराबाईंनी दोघींना आधी डॉक्टरकडे नेलं आणि चिठ्ठी घेऊन त्यांच्यासकट माझ्याकडे आल्या. मी कपाटातून गोळ्या काढल्या.

"रोज किती येळा?" त्यांनी विचारलं.

"पाच वेळा. सात दिवस."

बाई सासूकडे वळल्या. "मंग ऐक. गोळी गिळली की मनगटावर गेरूची एक रेघ. डोळ्यापाशी गेरू न्हाई. गोळी न्हाई तर रेघ बी न्हाई. दिवसाला पाच रेघा बराबर भरल्या पायजेत."

"तुमच्या सासूबाईचा नेम बदलला व्हय?" तिनं विचारलं.

"मीच बदलून राह्यले."

सात दिवस सासूनं जागता पहारा ठेवला. एक रेघ चुकू दिली नाही. माझ्या सांगण्यानं तिनं एक गोळीही दिली नसती. बेबीनंदाच्या पापणीवर बारीक वण राहिले, डोळा मात्र शाबूत राहिला.

आठव्या दिवशी चतुराबाई पुन्हा आल्या.

"त्या दिवशी गोळी लई जल्दी काढली तुम्ही. कडूबाच्या टायमाला बी त्याच कपाटात व्हती ना?"

खोटं तोंडाशी तयार होतं. बेबीनंदाच्या मनगटावरच्या रेघा आठवल्या आणि ते बाहेर येईना.

"होती. दोन पाकिटं."

त्या बाकावर बसल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चार वर्सं झाली," त्या हळू म्हणाल्या, "भावाचा डोळा म्या एकटीनं घेतला म्हणून झुरून राह्यले."

"चुकलं बाई माझं."

"मला सांगून काय उपेग? उठा. कडूबा आलाय घरी. मी बी संगं येते."

मी दुकानाचं दार ओढून घेतलं. मधली गिरणी ओलांडून आम्ही बाईंच्या घरी गेलो. कडूबा ओट्यावर बसला होता. पावलं ऐकून त्यानं चांगल्या डोळ्याची बाजू आमच्याकडे वळवली.

"राम राम, शेठ," तो म्हणाला.

आज नुसता राम राम घालून भागणार नव्हतं. मी त्याच्याशेजारी बसलो.