तोंडानं वाजवून दाखवा

बापू मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये पत्र्याचा एक डबा आहे. गाडी खोलली, साफ केली, परत जोडली की एखादा नट उरतोच. तो कुठला, हे बापूला विचारायचं नाही. तो नट डब्यात टाकतो, किक मारतो आणि म्हणतो, "चालती न्हवं? मग झालं!"

किश्श्यांचंही तसंच आहे. रविवार जोडून संपला की एखादा उरतोच. माझा डबा आता काठोकाठ भरलाय.

गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत, चिंचेखाली. मी हातकणंगल्याला नोकरी करतो, रोज मोटरसायकलवर जातो-येतो, आणि रविवारी दुपारी काही काम नसताना इथं येऊन बसतो. आजूबाजूचे कारखाने बंद असतात. चिंचेचा बारीक पाला उभ्या गाड्यांवर पडत राहतो. बसायला जुन्या जीपचं सीट आहे. त्यावर डोळे मिटून बसलं की आपण कुठंतरी निघालोय असं वाटतं, आणि कुठं ते ठरवायचीही घाई नसते. शेजारी माने सर असतात, शाळेत चित्रकला शिकवतात. तेही कुठंतरी निघालेलेच असतात.

बापूचा नियम एकच. "गिअर टाकताना आवाज येतो, हे नॉर्मल आहे का?" असं कुणी विचारलं की तो हातातला पाना खाली ठेवतो.

"कसा येतोय? तोंडानं वाजवून दाखवा."

'खट्ट' असेल तर नॉर्मल. 'खडाक्' असेल तर क्लच बघायचा. आणि 'खर्रर्र' असेल तर बापू आधी चहा मागवतो, माणसाला बसवतो आणि मग सांगतो.

*

एकदा एक डॉक्टर मॅडम आल्या. भावाची मोटरसायकल चालवतात, चांगल्या झोकात. बापूनं नियम सांगितला. मॅडमनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. आम्ही दोघांनी सभ्यपणानं डोळे मिटून घेतले. मग अगदी हळू आवाज आला, "खट्."

"नॉर्मल हाय," बापू म्हणाला. "पर फर्स्टचा का सेकंडचा, कळंना झालंय. वाईच मोठ्यानं!"

मॅडमना हसू फुटलं. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मी तरी काय करते दिवसभर? खोकून दाखवा, म्हणते!"

*

पुण्याहून बदली होऊन आलेले एक गृहस्थ. त्यांनी फार मनापासून 'खट्ट' वाजवलं, चारही गिअरचं. बापू म्हणाला, नॉर्मल. त्यांना पटेना. पुण्यात गाडी इतकी वाजत नव्हती म्हणे!

बापूनं शांतपणे हात पुसले. "पावणं, गाडी आता कोल्हापुरात ऱ्हाती न्हवं? मग बोलनारच की मोठ्यानं!"

*

बापू चुकत नाही असं नाही. एका संध्याकाळी बँकेतून सुटलेले एक साहेब 'खण्-खट्, खण्-खट्' असं इतकं हुबेहूब वाजवून गेले, की बापूनं अर्धं इंजिन खोललं. आत सगळं ठणठणीत! साहेबांनी आपल्या गाडीवरचा जेवणाचा डबा काढून माझ्या हँडलला अडकवला होता, तो मी त्यांना द्यायला म्हणून गाडीवरून निघालो. पहिला गिअर टाकला आणि माझी गाडी म्हणाली, 'खण्-खट्!'

डब्यात चमचा होता.

"आजार लागट हाय," एवढंच बापू म्हणाला आणि इंजिन जोडायला बसला. त्या दिवशी दोन नट उरले.

*

आता माझीच फजिती. उसाचा हंगाम होता, संध्याकाळची वेळ. हातकणंगल्याहून परत येताना कुठंतरी गुऱ्हाळ लागलं आणि गुळाचा तो गरम वास रस्त्यावर आला. थंडीत तो वास कपड्यांत शिरतो, आणि माणूस गाडी चालवतोय हे विसरतो. मी विसरलो. शेतांवर धुरकट निळं उतरत होतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कुरकुरत चालल्या होत्या, आणि माझी गाडी लांब सूर लावून गात होती. छान वाटत होतं. गॅरेज जवळ आल्यावर मात्र भीती वाटली. थेट बापूपुढं जाऊन उभा राहिलो आणि वाजवलं, "हूंऽऽऽऽ!"

बापूनं गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"सायेब, गिअर वाजंना, कारन तुमी त्यो टाकलाच न्हाईसा. हातकणंगल्यापास्नं सेकंडातच आलाय! हुता कुठं?"

"गुऱ्हाळात," मी म्हणालो. खोटं कशाला बोला?

*

राहिले माने सर. त्यांच्या गाडीचा आवाज आम्हा सगळ्यांना पाठ होता. सेकंडमधून फर्स्टला येताना 'खडाक्!', पोटातून आल्यासारखा. बापू दर रविवारी सांगायचा, "सर, ह्ये नॉर्मल न्हाय. क्लचच्या प्लेटा गेल्यात. एक दिवस गिअर अडकंल." आणि सर म्हणायचे, "असू दे की बापू. माझं नॉर्मल आहे."

कारण आम्हाला ठाऊक होतं. सरांची आई शिरोळकडच्या गावी थोरल्या मुलाकडं राहते. तिची दृष्टी गेली आहे. सर शनिवारी सकाळची शाळा करून तिकडं जातात. घराजवळ वळण आहे आणि लगेच चढ. तिथं खालचा गिअर टाकावा लागतो, आणि गाडी म्हणते 'खडाक्!' कट्ट्यावर बसलेली आई आत सुनेला हाक मारते, "टाक गं भाकरी, आला!" सर पायरी चढेपर्यंत भाकरी तव्यावर असते. एवढ्यासाठी ते गाडी दुरुस्त करत नव्हते.

शेवटी एका शुक्रवारी भर चौकात गिअर अडकला. मागं ऊसवाले ट्रॅक्टर हॉर्न देत उभे. आता इलाज नव्हता. बापूनं प्लेटा बदलल्या, केबल बदलली, ऑइल बदललं. चक्कर मारून आला तो खुशीतच. "सर, आवाजच न्हाई ओ! लोन्यागत पडतोय गिअर!"

दुसऱ्या दिवशी सर गावी गेले. रविवारी सीटवर येऊन बसले, पण डोळे मिटले नाहीत. मग म्हणाले, "आई कट्ट्यावर शेंगा फोडत होती. मी गाडी लावली, समोर उभा राहिलो. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, या पावणं. कुनाकडं आलाय?"

आम्ही कुणी हसलो नाही.

"हाक मारायची की सर," बापू म्हणाला.

"मारली. आवाज ओळखला तिनं. पण हसली नाही. शेंगा बाजूला ठेवून कानाला हात लावला. म्हणाली, डोळं गेलं ते गेलं. आता कान बी गेलं व्हय रं माझं?"

मला फार वाईट वाटलं. गाडी दुरुस्त केली म्हणून आवाज येत नाही, असं सरांनी तिला कितीदा सांगितलं, पण तिला पटेना. बापू उठून आत गेला आणि जुन्या, झिजलेल्या प्लेटा घेऊन आला. "सर, परत घालू?"

सरांनी नको म्हणून मान हलवली. गाडी पुन्हा चौकात अडकली तर? मी सुचवलं, वळणावर हॉर्न द्या. सर म्हणाले, हॉर्न तर दूधवालाही देतो.

चिंचेचा पाला पडत राहिला. बापूनं प्लेटा खाली ठेवल्या, हात पुसले आणि सरांच्या समोर उकिडवा बसला.

"सर, कसा यायचा आवाज? तोंडानं वाजवून दाखवा."

सर मवाळ माणूस. वर्गातसुद्धा आवाज चढत नाही. पण त्या दुपारी ते उभे राहून 'खडाक्, खडाक्' करत होते आणि बापू ओरडत होता, "अजून पोटातनं! सेकंडातनं फर्स्टला या, सर!"

पुढच्या शनिवारी वळण आलं. सरांनी क्लच दाबला, गिअर लोण्यासारखा पडला, आणि सर मोठ्यानं म्हणाले, "खडाऽक्!"

गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. कट्ट्यावर क्षणभर काहीच हललं नाही. मग आईची हाक आली, "टाक गं भाकरी, आला!"

सर गाडी लावून पायरीशी पोचतात तोच आई पुन्हा आत वळून म्हणाली, "आन् वाईच सुंठ बी उकळ गं. त्याच्या गिअरला खोकला झालाय."